कानोसा घेणारा स्विच

नेटवर्क्सच्या व्हायव्हात एक प्रश्न ठरलेला असतो : हब आणि स्विच यांत फरक काय? उत्तरही ठरलेलं. "सर, हब सगळ्यांना पाठवतो, स्विच ज्याचं आहे त्यालाच पाठवतो." एक्स्टर्नल मान हलवतात, आपण सुटलो म्हणून बाहेर येतो. लोकल ऑथरच्या पुस्तकात हे चौकटीत छापलेलं असतं, त्यामुळे त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. खोटं नाहीच ते. पण अर्धं आहे. आणि उरलेलं अर्धं आपल्याला कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख.

उरलेलं अर्धं म्हणजे मल्टिकास्ट. एकाला पाठवलं की युनिकास्ट, सगळ्यांना पाठवलं की ब्रॉडकास्ट, आणि ज्यांनी ज्यांनी मागितलं त्या सगळ्यांना, पण त्यांनाच, पाठवलं की मल्टिकास्ट. पाठवणारा एकच प्रत पाठवतो, बाकीच्या कॉप्या वाटेत निघतात. त्यासाठी २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवलेत. हे पत्ते कुठल्या मशीनचे नसतात, ग्रुपचे असतात. परीक्षेत हा विषय शॉर्ट नोट म्हणून येतो. क्लास डीची रेंज लिहायची, दोन फायदे लिहायचे, बाणांची आकृती काढायची, झालं. बाण ज्या चौकोनी डब्यातून फुटतात, तो डबा नेमकं काय करतो हे कुणी विचारत नाही. मजा तर तिथेच आहे!

साधा, बाजारात मिळतो तो अनमॅनेज्ड स्विच घ्या. त्याच्याकडे मल्टिकास्टची फ्रेम आली की तो ती, आली तो पोर्ट सोडून, सगळ्या पोर्टवर ढकलून देतो. म्हणजे हबच की हो! याचं कारण अगदी साधं आहे. स्विच शिकतो तो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. तीन नंबरच्या पोर्टवरून अमुक मॅक ॲड्रेसची फ्रेम आली, म्हणजे तो गडी तीन नंबरला राहतो, असं तो टेबलमध्ये लिहून ठेवतो. पण ग्रुपचा पत्ता 'पाठवणारा' म्हणून कधीच येत नाही, कारण ग्रुप स्वतः काही पाठवत नाही, माणसं पाठवतात. मग तो पत्ता टेबलमध्ये येणार कसा? आणि पत्ता माहीत नसेल तर सगळीकडे सोडा, हा स्विचचा जन्मजात नियम. यालाच फ्लडिंग म्हणतात.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नोटिशीची एक लाल वही असायची. कॉयरच्या पंधरा मुलींना हॉलमध्ये बोलवायचं असलं तरी शिपाईकाका ती वही घेऊन सगळ्या वर्गांत फिरायचे. ज्या वर्गात कॉयरची एकही मुलगी नाही, तिथलाही तास थांबायचा, टीचर वाचायच्या, सही करायच्या, मग काका पुढे. कुणाचं काही फार बिघडत नसे, फक्त सगळ्यांची पाच-पाच मिनिटं जायची. फ्लडिंग म्हणजे ती लाल वही. फरक एवढाच की स्विचची वही सेकंदाला काही हजार वेळा फिरते.

हिशेब करून बघा. एक बऱ्यापैकी व्हिडिओ स्ट्रीम ४ एमबीपीएसचा धरला आणि असे वीस चॅनल एका स्विचवर मल्टिकास्ट होत असले, तर प्रत्येक पोर्टवर ८० एमबीपीएस वाहतात. कोपऱ्यातल्या प्रिंटरलासुद्धा, ज्याला क्रिकेटमध्ये काडीचा रस नाही! प्रिंटरचं नेटवर्क कार्ड ते फेकून देतं हे खरं, पण त्याची १०० एमबीपीएसची वायर तोपर्यंत भरलेली असते. वाय-फायचे हाल तर विचारू नका. ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट हवेत सोडतो तो सहसा सगळ्यात कमी वेगाने, म्हणजे लांबच्या अन् जुन्या फोनलाही ऐकू यावं म्हणून, आणि तो पोहोचला की नाही याची पोचही घेत नाही. एखाददुसऱ्या स्ट्रीमने हवा भरून जाते आणि मग सगळे म्हणतात, "आज नेट स्लो आहे."

यावर जो उपाय निघाला तो मला इंजिनिअरिंगमधल्या आवडत्या जुगाडांपैकी एक वाटतो. मल्टिकास्ट हवं असलेलं मशीन आपल्या राऊटरला सांगतं, "मला अमुक ग्रुप हवाय." ही बोलायची भाषा म्हणजे आयजीएमपी. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली आरएफसी १११२ मध्ये ती लिहून ठेवली. बोलणं मशीन आणि राऊटर यांच्यात, विषय लेअर ३ चा. मधला स्विच लेअर २ चा, त्याला या संभाषणात कुणी विचारलेलंच नाही. पण सगळं त्याच्या अंगावरूनच जातं ना! तेव्हा त्याने हळूच पाकीट उघडून आत वाचायला सुरुवात केली. पाच नंबरच्या पोर्टवरून कुणीतरी ग्रुप मागितला? लिहून ठेव. आता त्या ग्रुपची फ्रेम आली की पाच नंबरलाच दे, बाकीच्यांना नको. याचं नाव आयजीएमपी स्नूपिंग. मराठीत याला 'कानोसा घेणं' हा इतका फिट शब्द असताना आपण स्नूपिंग का म्हणतो कोण जाणे.

आता यात गंमत बघा. सेकंड इयरपासून आपल्याला ओएसआयचे सात मजले घोकून घेतात. लेअर २ ने लेअर ३ मध्ये डोकवायचं नाही, प्रत्येकाने आपापला मजला सांभाळायचा. आणि प्रत्यक्षात मॅनेज्ड म्हणून विकला जाणारा जवळपास प्रत्येक स्विच हाच नियम मोडून काम करतो. सरळ मार्ग नव्हता असंही नाही. आयईईईने १९९८ च्या ८०२.१डी मध्ये जीएमआरपी नावाची व्यवस्था दिली होती. त्यात मशीनने थेट स्विचलाच सांगायचं, चोरून ऐकायची गरजच नाही. पण त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये नवीन सॉफ्टवेअर हवं. आयजीएमपी मात्र मशीनमध्ये आधीच होतं. त्यामुळे सभ्य मार्ग कागदावर राहिला आणि कानोसा जिंकला. मला यात काही वाईट वाटत नाही. पण हे वर्गात सांगा ना! मजले का आहेत हे, ते कुठे आणि कशासाठी मोडले हे कळल्याशिवाय कळत नाही. नुसते मजले मोजणं म्हणजे लिफ्टमनचं काम.

चोरून ऐकण्यात अडचणीही येतात. आयजीएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये मशीनं सभ्य होती : शेजाऱ्याने तोच ग्रुप मागितलेला ऐकलं की आपण गप्प बसायचं, राऊटरला एकाने सांगितलं तरी पुरे. पण स्विचला प्रत्येकाचं नाव हवंय! सगळे एकमेकांचं ऐकून गप्प बसले तर एकच पोर्ट लिहिला जाणार आणि बाकीचे उपाशी. म्हणून स्विच एकाचं मागणं दुसऱ्याला ऐकूच देत नाही, फक्त राऊटरच्या दिशेने सोडतो. मग प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि प्रत्येकजण बोलतो. हॉस्टेलच्या मेसमध्ये भाजी संपत आली की असंच होतं, असो. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे गप्प बसणंच काढून टाकलं.

दुसरी अडचण पत्त्याची. ग्रुपच्या आयपी पत्त्यात २८ बिट मोकळे असतात, पण मॅक ॲड्रेसमध्ये त्यांना जागा मिळते २३ बिटांची. सांगतात ते असं, की डीअरिंग यांना पूर्ण २८ बिट बसवायला मॅक ॲड्रेसचे सोळा ब्लॉक हवे होते, एकेक ब्लॉक हजार डॉलरचा. जॉन पोस्टेल यांनी एकच घेतला आणि त्यातलाही अर्धाच यांना दिला! परिणाम आजही भोगतोय : ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येतात. २२४.१.१.१, २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे तिघं मॅक बघणाऱ्या स्विचला एकसारखे दिसतात. शिवाय २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते नेटवर्कच्या घरगुती कामाचे, त्यांना स्विचने नेहमी सगळीकडे सोडायचं असतं. आता कुणी प्रोजेक्टसाठी हौसेनं २३९.०.०.५ हा ग्रुप निवडला, तर त्याचाही मॅक २२४.०.०.५ चाच. कित्येक स्विच तो घरगुती समजून सगळीकडे सोडतात आणि प्रोजेक्ट पार्टनर एकमेकांच्या कोडमध्ये बग शोधत बसतात. फायनल इयरवाल्यांनो, हे लिहून ठेवा.

पण खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी आहे. स्विचची वही कायमची नसते. राऊटर दर १२५ सेकंदांनी विचारतो, "कुणाला काय हवंय?" मशीनं दहा सेकंदांच्या आत उत्तर देतात, स्विच ऐकतो आणि नोंद ताजी होते. दोनदा विचारून उत्तर नाही, तर नोंद पुसायची. १२५ दुणे २५० अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. आता समजा नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट कळणारा राऊटरच नाही. मग विचारणारा कोणीच नाही. मशीन सुरुवातीला एकदा आपणहून मागतं, स्विच लिहून घेतो, स्ट्रीम सुरू होते, सगळे टाळ्या वाजवतात. चार मिनिटं वीस सेकंदांनी स्विच नोंद पुसतो. स्ट्रीम बंद!

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. एका कॅम्पसमध्ये (नाव नको) एका मोठ्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं, ऑडिटोरियम छोटं, म्हणून सहा लॅबमध्ये प्रत्येकी चाळीस पीसींवर ते मल्टिकास्टने दाखवायचं ठरलं. नवे कोरे मॅनेज्ड स्विच, स्नूपिंग चालू, क्वेरिअर नाही. पाहुण्यांनी दीपप्रज्वलन केलं, सरस्वतीचा फोटो दिसला, स्वागतगीत सुरू झालं आणि लॅबमागून लॅब काळी पडत गेली. पुन्हा प्लेअर चालू केला की पुन्हा चार-सव्वाचार मिनिटं. घाईघाईत कुणीतरी स्नूपिंगच बंद केलं. आता फ्लडिंग. व्याख्यान दिसायला लागलं, पण वाय-फाय गेलं, ऑफिसातली फी भरायची खिडकी अडकली, पालक ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली : कॅम्पसवर मल्टिकास्टला बंदी. ती आजही आहे.

बंदीचा खर्च मोजा. पुढच्या व्याख्यानाला २४० पीसींनी युनिकास्टने तेच ४ एमबीपीएस ओढले. २४० गुणिले ४, म्हणजे ९६०. सर्व्हरची एक गिगाबिटची वायर जवळपास काठोकाठ. मल्टिकास्टने त्याच वायरवरून ४ गेले असते. आणि उपाय काय होता? बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये क्वेरिअरचं काम स्वतः करायची सोय असते. कॉन्फिगरेशनच्या एक-दोन ओळी आणि स्विचला एक आयपी पत्ता. त्या ओळी कुणाला माहीत नव्हत्या, म्हणून अख्खं तंत्र गुन्हेगार ठरलं.

मी सिस्टिम ॲडमिन सरांना दोष देत नाही. एकटा माणूस ॲडमिशन, एक्झाम सेक्शन आणि सीसीटीव्ही सांभाळतो, त्याला उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सांगायचं "सर, लाइव्ह करायचंय", तर तो काय करणार? शिवाय स्विचेसचं वागणंही एकसारखं नाही. स्नूपिंग कसं करावं यावरचा आरएफसी ४५४१ आला तो २००६ मध्ये, आणि तोही सक्तीचा नव्हे, माहितीपर. ज्या ग्रुपची नोंद नाही त्याचं काय करायचं यावर एक कंपनी म्हणते सगळीकडे सोडा, दुसरी म्हणते फक्त राऊटरकडे द्या. कुणाचं काय डिफॉल्ट आहे हे मॅन्युअल उघडल्याशिवाय कळत नाही. माझं भांडण आहे ते 'समजत नाही ना, मग बंद करा' या वृत्तीशी.

यावर माझी रूममेट म्हणते, "अगं, आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं, मल्टिकास्ट कोण वापरतं?" तिचा मुद्दा बरोबर आहे, अर्धा. मोठ्या इंटरनेटवर मल्टिकास्ट कधी रुजलंच नाही. तिथे व्हिडिओ युनिकास्टनेच येतो आणि सर्व्हर आपल्या जवळ आणून ठेवून काम भागवतात. पण घरातलं आणि कॅम्पसमधलं नेटवर्क वेगळं. फोनला टीव्ही किंवा प्रिंटर आपोआप सापडतो तो २२४.०.०.२५१ या ग्रुपवर हाका मारून. आणि आयपीव्ही६ मध्ये तर ब्रॉडकास्ट हा प्रकारच नाही! शेजाऱ्याचा मॅक शोधायचा झाला तरी तिथे मल्टिकास्टच करावा लागतो. स्विचवर सरसकट मल्टिकास्ट बंद केला तर आयपीव्ही६ बंद. ही नोटीस काढणाऱ्यांना ठाऊक असतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि हे प्रकरण फक्त व्याख्यानापुरतं नाही, इथे कोट्यवधी रुपयेही अडकतात. आपल्या मुंबईत, बीकेसीत, नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने २०१० च्या सुमारास को-लोकेशन सुरू केलं, म्हणजे ब्रोकरांनी आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच जागेत ठेवायचे. बाजारातल्या प्रत्येक हालचालीचा 'टिक बाय टिक' डेटा तेव्हा टीसीपीवरून जायचा. टीसीपी म्हणजे युनिकास्ट, प्रत्येकाला वेगळी प्रत, एकामागून एक. सर्व्हरला जो आधी जोडला गेला त्याची प्रत आधी निघणार. आपल्याला काही मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? तिथे पडतो. यावरून मोठं प्रकरण झालं. ३० एप्रिल २०१९ ला सेबीने एक्स्चेंजला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितलं, पुढे जानेवारी २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द करून १०० कोटी भरायचा आदेश दिला. कायद्याचा भाग वकिलांवर सोडते. इंजिनिअरिंगचा भाग असा की २०१४ मध्ये एक्स्चेंज टिक बाय टिक डेटासाठी मल्टिकास्टकडे वळलं.

मल्टिकास्टने फरक का पडतो? कारण कॉपी काढायचं काम सर्व्हरच्या प्रोग्रॅमकडून निघून स्विचच्या चिपकडे जातं. प्रोग्रॅममध्ये लिस्ट असते, लिस्टला पहिला आणि शेवटचा असतो. स्विचमध्ये, निदान ज्यांची मेमरी सगळ्या पोर्टना सामायिक असते त्यांत, फ्रेम एकदाच ठेवली जाते आणि ज्या ज्या पोर्टला द्यायची त्यांच्या रांगेत फक्त तिचा ठिकाणा टाकला जातो. पोर्टापोर्टांत फरक उरला तर तो अतिशय सूक्ष्म. फुकट काहीच मिळत नाही अर्थात. मल्टिकास्टला टीसीपी चालत नाही, हरवलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही, म्हणून असे फीड पॅकेटला क्रमांक देतात, गाळलेला नंबर दिसला की तो वेगळा मागून घ्यायचा. पण आधी कुणाला आणि नंतर कुणाला, हा प्रश्न रांगेतून निघून वायरिंगमध्ये गेला. ज्या डब्याबद्दल आपण आकृतीत 'स्विच' एवढंच लिहितो, त्याच्याकडे इतकी मोठी गोष्ट सोपवली आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आपल्या नेटवर्क्स लॅबमध्ये दहा प्रॅक्टिकल्स आहेत. त्यातलं पहिलं क्रॉस केबल क्रिंप करणं, जे आता बहुतेक पोर्ट आपोआप जुळवून घेतात म्हणून लागतही नाही. ते काढा आणि तिथे हे घाला : एक मॅनेज्ड स्विच, तीन पीसी. पहिल्यावर व्हीएलसीने २३९.१.१.१ वर एखादी फाइल स्ट्रीम करायची (टीटीएल वाढवायची गरज नाही, राऊटर ओलांडायचाच नाहीये). दुसऱ्यावर ती बघायची. तिसऱ्याने काहीच मागायचं नाही, फक्त वायरशार्क लावून बसायचं. स्नूपिंग बंद असताना तिसऱ्याच्या स्क्रीनवर पॅकेट्सचा पाऊस पडेल. चालू केलं की नवं नाटक बघायला दुसऱ्यावरचा प्लेअर बंद करून पुन्हा लावायचा, म्हणजे स्विचला मागणं ऐकू येईल, आणि तिसऱ्याकडचा पाऊस थांबेल. मग घड्याळ लावायचं, क्वेरिअर नसताना दुसऱ्यावरचं चित्र कधी जातं ते बघायचं. स्विचप्रमाणे काही ठिकाणी जाणारच नाही, उलट तिसऱ्याकडे पाऊस परत येईल. जर्नलमध्ये 'ऑब्झर्व्हेशन' खाली लिहायला पहिल्यांदाच काहीतरी खरं मिळेल, गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायला नको.

सामान विकत घ्यायची गरज नाही. लॅबच्या मागच्या कपाटात दोन मॅनेज्ड स्विच बॉक्ससकट पडून आहेत, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांचे नंबरही आहेत. किल्ली लॅब असिस्टंटकडे असते आणि ते चारनंतर भेटतात. कोण येतंय?